सुरक्षा रक्षकाच्या नोकरीत पैसा नेमका कुठे आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल किंवा पोलीस भरतीची अंतिम यादी लागली की आठवडाभरात एसटी स्टँडच्या भिंतींवर, एमआयडीसीतल्या बसथांब्यांवर आणि आपल्या अंकातल्या छोट्या जाहिरातींतही एकच मजकूर दिसू लागतो : 'सिक्युरिटी गार्ड पाहिजेत. शिक्षण ८ वी ते १२ वी. पगार २२,०००. राहण्याची सोय. आजच भेटा.' आकडा बहुधा खरा असतो. तरीही ही जाहिरात वाचून लागलेला मुलगा तीन वर्षांनी पुष्कळदा त्याच गेटवर, जवळपास त्याच पगारात उभा दिसतो. त्याच तीन वर्षांत दुसरा कुणी सुपरवायझर होऊन फायर पॅनेलसमोर (आगीची सूचना देणाऱ्या फलकासमोर) बसलेला असतो. शिक्षण दोघांचे सारखेच असते. फरक कशाने पडतो, ते सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र.

सुरुवात कायद्यापासून करावी लागते, कारण आपल्याला कायदा लागू आहे हेच बहुतेक रक्षकांना माहीत नसते. खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, २००५ म्हणजे बोलीभाषेतला 'पसारा'. त्यानुसार रक्षकाचे वय १८ ते ६५ हवे. केंद्राच्या आदर्श नियमांत पुरुषाची उंची १६० सेंमी, स्त्रीची १५० सेंमी, पुरुषाची छाती ८० सेंमी आणि फुगवून ४ सेंमी जास्त, रंगांधळेपणा नको, सपाट तळवे नकोत आणि एक किलोमीटर सहा मिनिटांत धावता आले पाहिजे, अशा अटी आहेत. पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव केलेल्या मुलाला यात अवघड काही नाही. शिक्षणाची अट मात्र वेगळ्याच शब्दांत आहे : ओळखपत्रे, शस्त्र परवाना, प्रवासाची कागदपत्रे यांवरची इंग्रजी अक्षरे आणि आकडे वाचता व समजता आले पाहिजेत. पदवी कुठेही मागितलेली नाही. वाचता येणे मागितले आहे, आणि पुढची सगळी वाट या एका ओळीवर ठरते.

नव्या माणसाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष मैदानावर असे १६० तासांचे प्रशिक्षण किमान २० कामाच्या दिवसांत द्यायचे असते. माजी सैनिक आणि माजी पोलिसांसाठी हेच ४० अधिक १६ तास, किमान सात दिवसांत. अभ्यासक्रमात आग विझवणे, गर्दीवर नियंत्रण, प्रथमोपचार, संशयास्पद वस्तू ओळखणे, पोलीस ठाण्यात फिर्याद कशी द्यायची, पोलीस व लष्करातल्या पदांच्या खुणा असे बरेच काही आहे. व्यवहारात काय होते? पहिल्याच दिवशी दोन फोटो, आधारची झेरॉक्स, चार सह्या, युनिफॉर्म हातात आणि संध्याकाळी नाइटला पॉइंट, म्हणजे पहाऱ्याची जागा. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र फाइलमध्ये लागते, माणूस मात्र प्रशिक्षण केंद्राचा दरवाजाही पाहत नाही. युनिफॉर्म आणि 'ट्रेनिंग'चे पैसे पहिल्या पगारातून कापले जातात ते वेगळेच. आज याने काही बिघडल्यासारखे वाटत नाही. बिघडते ते दीड-दोन वर्षांनी, चांगल्या साइटच्या मुलाखतीत. डेटा सेंटरचा किंवा औषध कंपनीचा सुरक्षा अधिकारी प्रमाणपत्र हातात घेतो आणि विचारतो, 'विजेच्या पॅनेलला आग लागली तर कुठला सिलिंडर उचलशील?' उत्तर आले नाही की कागदाची किंमत तिथेच संपते. म्हणून एजन्सीत पाऊल टाकण्याआधी तीन गोष्टी विचारा : परवाना क्रमांक काय आणि तो कोणत्या जिल्ह्यासाठी आहे, प्रशिक्षण कुठे आणि किती दिवस, पगारातून नेमके काय कापणार. एजन्सीचा परवाना कायद्याने कार्यालयात सर्वांना दिसेल असा लावलेला असावा लागतो. तो नसेल तर तिथल्या खुर्चीवर बसूही नका.

आता पगार. याचा हिशेब कुणी मांडून दाखवत नाही, म्हणून तो इथे मांडतो. आठ तासांची ड्युटी आणि आठवड्याची सुटी धरली तर महिन्याला २६ दिवस, म्हणजे २०८ तास होतात. 'बारा तास, सुटी नाही' या पद्धतीत ३६० तास भरतात. म्हणजे १५२ तास जादा. जादा कामाचा दर कायद्याने दुप्पट, म्हणजे १५२ तासांबद्दल ३०४ तासांची मजुरी. एकूण देणे झाले ५१२ तासांचे. सोपे जावे म्हणून ताशी ६५ रुपये धरा : ३३,२८० रुपये. साध्या दराने, दुप्पट न धरता, ३६० तासांचे २३,४०० होतात. जाहिरातीतले २२,००० त्याहूनही खाली आहेत. ६५ हा आकडा आम्ही उदाहरणासाठी घेतला आहे; किमान वेतनातला विशेष भत्ता दर जानेवारीत आणि जुलैत बदलतो, तेव्हा चालू दर कामगार कार्यालयातून घ्यावा आणि हाच हिशेब पुन्हा मांडावा. आणखी एक गोष्ट. दुकाने व आस्थापना कायदा तीन महिन्यांत मिळून जेवढा ओव्हरटाइम चालवून घेतो, त्याहून जास्त ओव्हरटाइम इथे एका महिन्यात होतो. त्यामुळे पगाराच्या चिठ्ठीत 'ओव्हरटाइम' हा शब्दच येऊ देत नाहीत. 'इतर भत्ता', 'धुलाई भत्ता', 'कार्यक्षमता भत्ता' अशा नावांखाली तो विरून जातो आणि पीएफ लहानशा मूळ पगारावर कापला जातो.

यात दोष एकट्या एजन्सीचा नाही. चोवीस तासांचा एक पॉइंट आठवड्याला १६८ तास चालतो. एका माणसाचे ४८ तास धरले तर त्याला साडेतीन माणसे लागतात. सोसायटीच्या सभेत मात्र 'एक डे, एक नाइट' अशी दोनच माणसे मंजूर होतात आणि त्यावर 'गेल्या वर्षीपेक्षा दर वाढला कसा' हा प्रश्न विचारला जातो. रिलिव्हर, म्हणजे सुटीवरच्याच्या जागी येणारा माणूस, बिलात नसतोच. मग रविवारी एकाची दांडी पडली की दुसऱ्याची डबल ड्युटी होते, आणि सोमवारी पहाटे चार वाजता केबिनमध्ये डुलकी घेणाऱ्या माणसाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो. तो माणूस तेव्हा सलग बावीस तास जागा असतो, हे फोटोत दिसत नाही.

नव्या मुलाने यातून घ्यायचे ते एवढेच : बारा तासांची साइट ही पाय ठेवायची जागा आहे, राहायची नाही. तिथे पगार जास्त दिसतो, पण शिकायला वेळ उरत नाही, आणि न शिकलेला माणूस कायम बारा तासच विकत राहतो. हजार-दोन हजार कमी घेऊन का होईना, आठ तासांची आणि तीन शिफ्टची साइट मिळत असेल तर ती धरावी. अशा साइट चाकण, रांजणगाव, तळेगाव, वाळूज, बुटीबोरीच्या मोठ्या कारखान्यांत, इस्पितळांत, आयटी पार्कमध्ये आणि ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत आहेत.

मुंबई-ठाण्यासह राज्याच्या अनेक भागांत सुरक्षा रक्षक मंडळाचाही रस्ता आहे. १९८१ च्या राज्य कायद्याखाली ही मंडळे आली. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे असते. मालक पगार आणि त्यावरची लेव्ही (ठरलेला जादा आकार) मंडळात भरतो आणि मंडळ ते पैसे रक्षकाच्या खात्यात जमा करते. पीएफ, उपदान (ग्रॅच्युइटी), रजा, बोनस लेव्हीतून सांभाळले जातात, त्यामुळे मधल्या हाताला कापायला फारसे काही उरत नाही. ज्या एजन्सींना या कायद्यातून सूट आहे, त्यांनाही मंडळापेक्षा कमी लाभ देता येत नाहीत. ही अट फार कमी रक्षकांना माहीत आहे. मंडळाच्या भरतीच्या नावाने पैसे मागणारे दलाल मात्र सगळीकडे आहेत. त्यांना एक रुपयाही देऊ नये.

पीएफविषयी एक काळजी सुरुवातीपासून घ्यावी. रक्षक वर्षानुवर्षे एकाच गेटवर असतो, पण कंत्राट दर वर्षी-दोन वर्षांनी नव्या एजन्सीकडे जाते. नवी एजन्सी नवा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) काढते आणि जुनी सेवा तुटते. पेन्शनसाठी दहा वर्षे आणि उपदानासाठी पाच वर्षे कधी भरतच नाहीत. म्हणून पहिला यूएएन पाठ करा आणि प्रत्येक नव्या फॉर्मवर तोच स्वतःच्या हाताने लिहा. दर तीन महिन्यांनी पासबुक मोबाइलवर पाहा; पैसे भरले नसतील तर वेळीच कळते. पगार २१,००० च्या वर गेला की ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) संरक्षण पुढच्या टप्प्यात संपते, हेही बढतीच्या आनंदात लक्षात राहत नाही. त्याच महिन्यात घरच्यांचा आरोग्यविमा काढावा.

आता मूळ मुद्दा. आमच्या पाहण्यात रक्षकाची बढती सर्वांत जास्त वेळा अडते ती नोंदवहीवर. बहुतेक रजिस्टरांत रोज रात्री एकच ओळ असते : 'नाइट ड्युटी घेतली. चार्जमध्ये टॉर्च १, काठी १. रात्रभर ऑल ओके.' ही ओळ लिहिणाऱ्यावर कुणी नाराज होत नाही, पण त्याचे नावही कुणाच्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या तऱ्हेची नोंद अशी असते :

'०२.१५. गेट २. टेम्पो, एकटा चालक. चलनावर ४० बॉक्स, मोजले ३८. दोनदा मोजले. चालकाची सही घेतली. ०२.२० स्टोअरला फोन, उत्तर नाही. ०२.२६ शिफ्ट इन्चार्जना कळवले, त्यांनी गाडी थांबवण्यास सांगितले. ०३.०५ स्टोअरचे माणूस आले, ३८ बॉक्सची पोच दिली. ०३.१२ गाडी बाहेर.'

नऊ-दहा ओळींचे काम. यात 'चालक संशयास्पद वाटला' असे कुठेही नाही. जे दिसले, मोजले, सांगितले गेले तेवढेच आहे. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने लिहावी. चुकले तर खोडरबर किंवा गिरवणे नको, एक रेघ मारून बाजूला सही करावी. मधे रिकामी ओळ सोडू नये, नंतर तिथे कुणीही काहीही भरू शकतो. रजिस्टरच्या पानांवर आधीच क्रमांक घालून घ्यावेत. सहा महिन्यांनी चोरीची चौकशी निघाली आणि पोलिसांनी रजिस्टर मागितले, तर कंपनीला वाचवणारी हीच नोंद असते. त्या दिवशी व्यवस्थापक विचारतो, 'हे लिहिले कुणी?' सुपरवायझरची जागा रिकामी झाली की तेच नाव पुढे येते.

कारखान्याच्या गेटवर शिकण्यासारखे फार आहे आणि ते फुकट मिळते. परत येणाऱ्या मालाचा गेटपास आणि न येणाऱ्या मालाचा गेटपास वेगळे. पहिल्यावर परतीची तारीख असते, आणि ती उलटून गेलेल्या पासांची यादी दर सोमवारी काढणारा रक्षक कंपनीचे हजारो रुपये वाचवतो; दुरुस्तीला गेलेली मोटर कायमची 'दुरुस्तीला' राहते ती इथेच. कंटेनरचे सील नुसते वाचायचे नसते. क्रमांक चलनाशी ताडायचा, सील हाताने ओढून आणि पिळून पाहायचे, कारण कापून गोंदाने चिकटवलेले सील दिसायला अखंडच असते. सगळ्यांत मोठी गळती भंगारात. भंगारवाल्याची रिकामी गाडी आत येताना वजनकाट्यावर चढते तेव्हा केबिनमध्ये तीन माणसे, मागे दोन जादा स्टेपन्या आणि पाण्याचा भरलेला ड्रम असतो. रिकाम्या गाडीचे वजन तेवढे वाढते. भरून बाहेर जाताना ड्रम रिकामा, स्टेपन्या गायब, माणसे पायी पुढे गेलेली. फरक जातो मालाच्या वजनातून, आणि दर खेपेला शंभर-दोनशे किलो लोखंड फुकट बाहेर पडते. उपाय साधा आहे : दोन्ही वजनांच्या वेळी केबिन रिकामी, स्टेपन्या मोजलेल्या, सगळी चाके काट्यावर आणि गाडीचा फोटो. ज्याला हे समजले तो नुसता गार्ड राहत नाही.

गस्तीच्या ठिकाणी क्यूआर चिकटवून मोबाइलने स्कॅन करण्याची पद्धत आता सर्रास आहे. त्यातली लबाडीही सर्रास आहे : सगळ्या क्यूआरचे फोटो काढून केबिनमध्ये बसल्या जागी स्कॅन करायचे. सुपरवायझरला ती पकडता येते ती वेळांवरून. पंपहाउस ते मागचा गेट चालायला सहा मिनिटे लागत असतील आणि दोन स्कॅनमध्ये चाळीस सेकंद असतील, तर गस्त झालेलीच नाही.

पैसा वाढवणारे दुसरे कौशल्य आगीचे. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतील यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा 'ब' नमुना दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून द्यावा लागतो. मधल्या सहा महिन्यांत यंत्रणा कुणी पाहायची? प्रत्यक्षात हे काम रक्षकाकडे येते, आणि ज्याला जमते त्याचा दर वेगळा असतो. सुरुवातीला एवढे यावे : पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो, त्याचे वजन करूनच तो भरलेला आहे की नाही कळते, आणि तो चालवताना भोंगा हाताने धरायचा नाही, थंडीने कातडी भाजते. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो, म्हणून पिन काढण्याआधी आपल्या पाठीमागे बाहेर जायची वाट आहे का ते पाहावे. पंपहाउसमध्ये पंप 'ऑटो'वर आहेत की 'मॅन्युअल'वर, हे रोज पाहावे. लाइनमधला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप सारखा सुरू-बंद होत असेल तर लाइनमध्ये कुठेतरी गळती आहे. पुष्कळ ठिकाणी गळती शोधण्याऐवजी आवाजाला कंटाळून पंप बंद करून ठेवतात. मग आग लागते त्या दिवशी होज उघडल्यावर थेंबभर पाणी येते. डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली असणे हा दुसरा नेहमीचा घोटाळा. आठवड्यातून एकदा तो सुरू करून पाहिला आणि लिहून ठेवले की झाले. फायर पॅनेलचा आवाज 'सायलेन्स' करून ठेवणारा रक्षक आणि पॅनेलवर दिसणारा झोन वाचून तिथे जाऊन येणारा रक्षक, यांच्या पगारात पुढे किती फरक पडतो हे कुठल्याही फॅसिलिटी मॅनेजरला विचारा.

ज्याला याच मार्गाने जायचे आहे त्याने मुंबईत कालिना येथील राज्य अग्निशमन अकादमीच्या अग्निशामक पाठ्यक्रमाची चौकशी करावी. त्याला पदवी लागत नाही. गल्लीबोळांतल्या 'फायर अँड सेफ्टी डिप्लोमा'वाल्या क्लासेसना ४०-५० हजार भरण्याआधी मात्र एक प्रश्न विचारावा : हे प्रमाणपत्र कुठल्या सरकारी मंडळाचे? उत्तर 'आयएसओ मान्यताप्राप्त' असे आले तर पैसे खिशातच ठेवावेत. आयएसओ संस्थेच्या कारभाराला मिळते, अभ्यासक्रमाला नाही.

तिसरे, कंट्रोल रूम. कॅमेरे बघत बसणे कुणालाही येते. डीव्हीआरचे (रेकॉर्डिंग यंत्राचे) घड्याळ बरोबर आहे का ते तपासणे, रेकॉर्डिंग किती दिवसांनी पुसले जाते ते माहीत असणे आणि मागितलेला तुकडा मूळ रूपात काढून देणे, हे थोड्यांनाच येते. घड्याळ अकरा मिनिटे पुढे असेल तर पोलीस पंचनाम्यात तीच अकरा मिनिटे तुमच्या विरोधात जातात. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ हा पुरावा म्हणून लंगडा असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याच दिवसापासून भादंवि आणि फौजदारी प्रक्रिया संहिताही बदलल्या, पण बऱ्याच प्रशिक्षण पुस्तिकांत अजून जुनीच कलमे आहेत. रक्षकाच्या कामाची नवी कलमे दोन ठिकाणी : खासगी संरक्षणाचा हक्क न्याय संहितेच्या ३४ ते ४४ मध्ये आणि सामान्य माणसाने केलेली अटक नागरिक सुरक्षा संहितेच्या ४० मध्ये. पकडलेल्या माणसाला विनाविलंब, फार तर सहा तासांत पोलिसांकडे द्यायचे आहे. चोर पकडून सकाळपर्यंत केबिनमध्ये बसवून ठेवणारा, वर चार थपडा मारणारा रक्षक स्वतःच आरोपी होतो. कंपनी त्या वेळी हात झटकते.

सुपरवायझरची पायरी नियमातच आहे : पंधरा रक्षकांमागे एक. नुसती वर्षे भरली म्हणून बढती मिळत नाही, हे वेगळे सांगायला नको. रोस्टर बनवता यायला हवे, साप्ताहिक सुट्या न चुकवता रिलिव्हर फिरवता यायला हवा, एक्सेलमध्ये मस्टर भरता यायला हवे आणि क्लायंटला चार ओळींचा इंग्रजी ईमेल लिहिता यायला हवा. महिला रक्षकांना इथे खास वाव आहे. महिलांची झडती महिलेनेच घ्यायची असल्याने मॉल, इस्पितळे, कपड्यांचे कारखाने यांना त्या लागतातच, आणि प्रशिक्षित महिला सुपरवायझर शोधून मिळत नाहीत. त्यापुढे असिस्टंट सिक्युरिटी ऑफिसर, मग सिक्युरिटी ऑफिसर. इथे खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही : मोठ्या कंपन्या या पदांना पदवीधर किंवा निवृत्त जेसीओ (सैन्यातले कनिष्ठ अधिकारी) मागतात. एजन्सीच्या बाजूने फील्ड ऑफिसर, ऑपरेशन्स मॅनेजर या जागा अनुभवावर मिळतात; रात्री-बेरात्री मोटारसायकलवर साइट फिरण्याची तयारी मात्र हवी. दहावी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून ती आधी काढावी. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी करता करता पदवीही घेता येते, आणि आठ तासांच्या साइटचा आग्रह आम्ही धरतो तो यासाठीही.

गनमॅनचा पगार जास्त, हे खरे. पण परवाना व्यक्तीच्या नावावर असतो, एजन्सीच्या नव्हे. 'परवाना आम्ही करून देतो' म्हणून लाखभर मागणाऱ्याकडून परराज्यातला बनावट परवाना हाती पडला, तर तुरुंगात रक्षक जातो. हे काम माजी सैनिकांनाच राहू द्यावे. अग्निवीरांची पहिली तुकडी चार वर्षे पुरी करून बाहेर पडू लागली की या जागांवर त्यांचीच दावेदारी राहील. कायद्यातही सैन्यातून आलेल्यांना प्राधान्य देण्याची मुभा आहे. कॅश व्हॅनला २०१८ च्या नियमांनी शिस्त आली : चालकाशिवाय दोन सशस्त्र रक्षक व दोन कस्टोडियन (रोकड हाताळणारे), एका फेरीत कमाल पाच कोटी, शहरात रात्री नऊनंतर एटीएममध्ये भरणा नाही. कस्टोडियनला पदवी लागत नाही, पण मोजणीतली तूट त्याच्या गळ्यात येते. बेरीज-वजाबाकी पक्की नसलेल्याने तिकडे जाऊ नये.

आखाताचे थोडक्यात. दुबईत सुरक्षा रक्षकाला 'सिरा' या सरकारी यंत्रणेचे प्रशिक्षण व कार्ड लागते. अबुधाबीची व्यवस्था वेगळी. नोंदणीकृत भरती एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढेच घेता येते. दीड-दोन लाख मागणारा आणि 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो' म्हणणारा, दोघेही टाळावेत. दहावी पास असाल तर पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी मंजुरी लागते अशी नोंद) येत नाही. तो असेल तर ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून मंजुरी घेतल्याशिवाय विमानात बसू नये. करारात तास आणि जेवण-निवास यांची ओळ वाचावी. बारा तासांचे गणित तिथेही सुटत नाही.

शेवटी स्वतःची एजन्सी. यालाही पदवी नको. परवान्याचे शुल्क एका जिल्ह्यासाठी ५,०००, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,००० आणि पूर्ण राज्यासाठी २५,००० रुपये. परवाना पाच वर्षांचा आणि मिळाल्यापासून सहा महिन्यांत काम सुरू करायचे. शुल्क ऐकून सुपरवायझर मंडळी हुरळून जातात, आणि बुडतात ती खेळत्या भांडवलात. वीस रक्षक, प्रत्येकी सगळा मिळून २५,००० खर्च, म्हणजे महिन्याला पाच लाख. बिल एक तारखेला दिले आणि क्लायंटने साठ दिवसांनी पैसे दिले, तर तोवर दोन महिन्यांचे पगार तुमच्या खिशातून गेलेले असतात. म्हणजे दहा लाख, आणि तिसरा पगार दारात. एजन्सी कंपनी म्हणून नोंदली असेल तर बिलावरचा १८ टक्के जीएसटीही पैसे हाती येण्याआधी भरावा लागतो. या ताणात पहिल्यांदा थकतो तो पीएफ, आणि तिथून एजन्सी बुडायला वेळ लागत नाही. म्हणून पहिले कंत्राट पंधरा दिवसांत पैसे देणाऱ्याचे घ्यावे, दर थोडा कमी असला तरी चालेल. दोन माणसांत पॉइंट चालवायला सांगणारे कंत्राट नाकारावे. साडेतीन माणसांचे बिल मांडून दाखवणाऱ्या लहान एजन्सी आमच्या भागात थोड्या आहेत, पण आहेत. आणि त्यांची माणसे वर्षानुवर्षे टिकतात, असा आमचा अनुभव आहे.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती. बिल्डरच्या जाहिरातीत महारेरा क्रमांक असतोच. तसाच सुरक्षा रक्षक भरतीच्या प्रत्येक छोट्या जाहिरातीत एजन्सीचा परवाना क्रमांक, ड्युटीचे तास आणि साप्ताहिक सुटी आहे की नाही, एवढ्या तीन गोष्टी असल्याशिवाय ती आपण छापू नये. जाहिरात दोन ओळींनी वाढेल. त्या दोन ओळींचे पैसे एजन्सीकडून घ्यावेत.

आपले,
खासगी सुरक्षा क्षेत्रातील काही पर्यवेक्षक व प्रशिक्षक,
चाकण-पिंपरी परिसर